ध्वनीतील ‘ऊब’ मुळातली की मागाहून मिसळलेली?

धागाकर्ता : वडिलांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अँप्लिफायर मी नुकताच नवी पेठेतील एका कारागिराकडून दुरुस्त करून घेतला. त्यावर तबकडी ऐकणारा प्रत्येक जण ‘आवाजाला ऊब आहे’ असे म्हणतो आणि ती मूळ गायनातच होती असे धरून चालतो. मला हे पटत नाही. व्हॉल्व्ह, विशेषतः एकेरी ट्रायोडची (तीन अग्रांच्या एकाच व्हॉल्व्हची) रचना असेल तेव्हा, मूळ स्वरात दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे एक सप्तक वरचा तोच स्वर किंचित मिसळते. तो कानाला खटकत नाही, उलट आवाज भरदार वाटतो. याला दोष म्हणवत नसेल तर रंग म्हणावे, पण मुळाशी इमान म्हणू नये.

प्रतिसाद १ : तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली सुताचा धागा सरकवून उपस्वरच फुलवले जातात. मिरजेच्या त्या तंबोऱ्याला आपण खोटा म्हणतो का? स्वराला समृद्ध करणारी भर ही संगीताचाच भाग आहे.

धागाकर्ता : जवारी किती खुली ठेवायची हे गायक ठरवतो, अँप्लिफायर मात्र समोर येईल त्या प्रत्येक ध्वनीवर तोच संस्कार करतो. शिवाय अनेक स्वर एकत्र आले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वरही त्यात उमटतात. एकट्या गायकाच्या मुद्रणात ते फारसे जाणवत नाहीत. मोठ्या वाद्यमेळात मात्र आवाज गढूळ होतो.

प्रतिसाद २ : आपण दोघेही व्हॉल्व्हपाशीच अडला आहात. सीडी १९८२ मध्ये आली. पुढे नव्वदच्या दशकात अनेक मुद्रणे अधिक मोठी वाजावीत म्हणून त्यांतील हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर चेपले गेले. आपण ज्याला डिजिटलचा कोरडेपणा म्हणतो, तो बहुतेक वेळा या चेपण्याचा परिणाम असतो. सोळा बिटांच्या सीडीत हळू आणि मोठ्या आवाजांतल्या अंतराचा सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो आणि तबकडीत त्याहून बराच कमी, तेव्हा दोष माध्यमाचा नाही.

प्रतिसाद १ : आकडे मान्य आहेत, परंतु रात्री दिवा मालवून ऐकताना गायिकेचा श्वास जवळ आल्यासारखा वाटतो, तो अनुभव त्यांत कुठे बसतो?

धागाकर्ता : तो अनुभव मी नाकारत नाही; मलाही तो येतो आणि म्हणूनच त्याचे कारण हवे आहे. याच अँप्लिफायरमधून निघणारा तबकडीचा आवाज मी सीडीच्या दर्जाचा मुद्रित करतो. ती प्रत आणि मूळ तबकडी, दोन्हींची पातळी सारखी करून, कोणती कधी वाजते हे न सांगता आपण तिघांनी ऐकावे. प्रतीतही ऊब तशीच उतरली, तर तिच्यासाठी तबकडीसारखे अ‍ॅनालॉग (आकड्यांत न बदललेल्या ध्वनीचे) माध्यमच हवे, हा आग्रह आपल्याला सोडावा लागेल. येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, माझ्या घरी या.