टॉमकॅट क्लस्टर, वेबसॉकेट आणि ‘आपोआप’ पोचणारं सेशन

रात्रपाळी:
काल इथे एकाने टॉमकॅटबद्दल (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) ठोकून दिलं, ‘ॲपच्या सेटिंगमध्ये डिस्ट्रिब्युटेबल टाका, क्लस्टर (एकत्र चालणारे अनेक सर्व्हर, म्हणजे नोड) चालू करा, वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं कनेक्शन) असो वा नसो, सेशन (त्या वापरकर्त्याची सर्व्हरवर ठेवलेली माहिती) आपोआप दुसऱ्या नोडवर जातं.’ वाचून डोकं फिरलं. टॉमकॅट सेशनमधला बदल पाठवतो तो एचटीटीपी रिक्वेस्ट संपताना, रेप्लिकेशन व्हॉल्व्हमधून, म्हणजे रिक्वेस्टच्या वाटेवर बसून बदल पाठवणाऱ्या भागातून. वेबसॉकेटची रिक्वेस्ट १०१ कोडच्या हँडशेकलाच, म्हणजे कनेक्शन जुळतानाच संपते. पुढचे मेसेज त्या व्हॉल्व्हच्या वाटेला जातच नाहीत. ऑनमेसेजमध्ये (मेसेज आल्यावर चालणारा कोड) सेटॲट्रिब्यूटने सेशनमध्ये लिहिलेलं त्याच नोडच्या मेमरीत पडून राहतं.
आमच्या सपोर्ट चॅटमध्ये तक्रारीचा फॉर्म सॉकेटवरूनच भरला जायचा. नोड रीस्टार्ट झाला, ब्राउझर दुसऱ्या नोडला जोडला गेला, तिथल्या सेशनमध्ये फक्त लॉगिन. पलीकडच्या आजींनी तिसऱ्यांदा ग्राहक क्रमांक टाइप केलेला तो लॉग मी विसरलेलो नाही.

दोन_नोडवाला:
ते मीच लिहिलं होतं. सहा वर्षं दोन नोडवर डेल्टामॅनेजर (सेशनमधले बदल बाकीच्या नोडना पाठवणारा टॉमकॅटचा भाग) चालवतोय, सॉकेटसकट. एक तक्रार नाही. तुम्ही आता रेडिस (सेशन बाहेर ठेवायला वेगळा डेटा सर्व्हर) घ्या म्हणणार. तो पडला तर दुसऱ्यावर जाणं, त्याचं फेलओव्हर, कोण सांभाळणार? आम्ही तीनच माणसं आहोत.

क्लाउडग्रस्त:
मुळात तुमचे नोड एकमेकांना दिसतात का? डीफॉल्ट मेंबरशिप (नोडनी एकमेकांना शोधणं) मल्टिकास्टवर (एकच संदेश सगळ्या गटाला), २२८.०.०.४, पोर्ट ४५५६४. क्लाउडच्या नेटवर्कवर ते सहसा चालतच नाही. आमचा प्रत्येक नोड स्वतःला एकटाच समजत होता आणि आम्ही तीन दिवस कोडमध्ये बग शोधत बसलो.

दोन_नोडवाला:
मग स्टॅटिक मेंबरशिप लिहायची, नोडचे पत्ते हाताने देऊन.

क्लाउडग्रस्त:
ऑटोस्केलिंगमध्ये (गर्दीनुसार नोड आपोआप वाढवणं-घटवणं) आयपी बदलत राहतात, स्टॅटिक कसली लिहिता? मशीन हाताशी असणाऱ्यांनी हे सल्ले देऊ नयेत.

दोन_नोडवाला:
आणि दोन नोडचं काम असताना ऑटोस्केलिंग लावणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये!

क्लाउडग्रस्त:
दिवाळीच्या सेलला येऊन बघा दोन नोड पुरतात का.

रात्रपाळी:
मल्टिकास्टचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. दोन नोडवाले, एकच सांगा. तुमचं पान सॉकेटशिवाय अधूनमधून साधी रिक्वेस्ट मारतं का?

दोन_नोडवाला:
मारतं. नोटिफिकेशनचा आकडा आणायला, दर ३० सेकंदांनी.

रात्रपाळी:
तेच! सॉकेटने साठवलेले बदल त्या रिक्वेस्टच्या शेवटी जातात. ती बंद करून बघा.

दोन_नोडवाला:
रात्री टेस्ट सर्व्हरवर बघितलं. सॉकेटवरून पाच मेसेज पाठवले, नोड पाडला. दुसऱ्या नोडवर पाचातला एकही नव्हता. ‘आपोआप’ हा शब्द मागे घेतो. रेडिस मात्र घेणार नाही. ती रिक्वेस्टच ठेवणार.

रात्रपाळी:
ठेवाच. सॉकेटच्या मेसेजने सेशनची मुदतही वाढत नाही, डीफॉल्ट ३० मिनिटांनी ते संपतं आणि लॉगिन केलेल्याचा सॉकेट १००८ कोडने (नियमभंग) बंद होतो. त्यातून ती रिक्वेस्ट वाचवते, हे मान्य. पण मधल्या ३० सेकंदांत नोड पडला तर? रेडिस नको तर नको, अर्धवट फॉर्म निदान डेटाबेसच्या टेबलात टाका.

दोन_नोडवाला:
फॉर्म टाकतो. बाकीचं सेशनमध्येच राहील.