कोंबडी आजारी पडली तेव्हा... तुमच्या खुराड्यातले अनुभव सांगा

गोराईची लेक
आज सकाळी शेजारच्या काकूंची तलंग पिसं फुलवून, डोळे मिटून भिंतीशी उभी दिसली आणि आजीच्या वाडीतली मानमोडी आठवली. आधी एकीला हिरवट पातळ शीट, मग दुसरीच्या घशात घरघर, आणि बघता बघता माना पिळवटून एकेक आडवी. आजी लसूण-हळद भरवत राहिली. पण मानमोडी म्हणजे राणीखेत, विषाणूचा आजार. त्यावर औषध नाही, आधी दिलेली लस एवढंच काय ते. कोंबडी दुखणं लपवते, कारण दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचतात. आपल्याला दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून विचारतेय, तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळलं? काय केलंत? वाचली का?

आरेपाडा
शिटेवरून. खुराडं उघडलं की आधी खाली बघायचं, मग कोंबडीकडे. घट्ट आणि वर पांढरी टोपी असेल तर ठीक. मधूनच एखादी चॉकलेटी, चिकट, घाण वासाची पडते, तीही ठीकच, नवीन लोक उगाच घाबरतात. पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी हालचाल. आमच्याकडे पावसाळ्यात तूस ओलं झालं आणि रक्ती हगवण आली. डॉक्टरांनी अँप्रोलियम दिलं, पाण्यातून. दुसरं पाणी ठेवायचं नाही, नाहीतर औषधाचं पीत नाहीत. तूस सगळं काढून कोरडं टाकलं. दोन पिल्लं गेली, बाकीची चरायला लागली.

भांडुपचा दादूस
मानमोडीच्या लशीचं लिहितो, गाडीत आहे, चुका सांभाळा. बाटली शंभर-दोनशे मात्रांची येते आणि आपल्या कोंबड्या मूठभर, म्हणून लोक टाळतात. आम्ही चाळीतले सगळे मिळून एकच दिवस ठरवतो. बर्फात आणायची, कालवली की दोन तासांत संपवायची. पहिली लस लासोटा, पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना डोळ्यात एक थेंब. मग 6 ते 8 आठवड्यांची झाली की आर-टू-बी ही पुढची लस टोचून घ्यायची. पाण्यातून लस देणार असाल तर नळाचं पाणी तसंच घेऊ नका. क्लोरीनने लस मरते.

मढची सून
दादा विहिरीचं चालेल का??

भांडुपचा दादूस
चालेल ताई, स्वच्छ असेल तर. थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर घाला त्यात.

वर्सोव्याची मावशी
आमच्याकडे कोंबड्यांना देवीचा रोग येतो. गणपतीच्या सुमारास डास वाढले की तुऱ्यावर, डोळ्याभोवती काळ्या खपल्या. डासच पसरवतात. खपल्या ओढून काढू नका गो, रक्त येतं आणि त्यातून इतरांना होते. मी आयोडीन लावते, डोळा मिठाच्या कोमट पाण्याने पुसते, मऊ भात भरवते. खपल्या आपोआप गळतात. तोंडात पिवळं साचून श्वास अडकायला लागला तर घरी थांबू नका, तो प्रकार वाईट.

मालवणी मालाड
आमच्या कोंबडीला सारखा ताप असतो, हात लावला तरी गरम लागते. काय द्यावं?

आरेपाडा
खातेय पितेय ना? मग काही देऊ नका. कोंबडीचं अंग 41 अंशांच्या आसपास असतंच, आपल्याला गरमच लागणार.

मढची सून
डाळ शिजतेय तोवर लिहिते. माझी लाली शेपूट खाली करून पेंग्विनसारखी चालत होती, सारखी जोर करत होती. अंडं अडकलं होतं. टबात कोमट पाणी घेऊन पोटापर्यंत बसवली, मग अंधाऱ्या खोलीत ठेवली. संध्याकाळी अंडं दिलं, पातळ कवचाचं. सासूबाई म्हणाल्या, चुना कमी पडतोय हिला. तेव्हापासून तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवते. दाबून अंडं काढायला जाऊ नका कोणी, आत फुटलं तर कोंबडी हातची जाते.

वर्सोव्याची मावशी
शाब्बास तुझ्या सासूची. आमच्यातही शिंपल्याच.

दहिसर वेस
तिसऱ्या सध्या चांगल्या कुठे मिळतायत? आमच्या बाजारात वाळू फार.

मढची सून
मिठाच्या पाण्यात ठेवा तासभर, वाळू सोडतात.

गोराईची लेक
काकूंच्या तलंगेला वेगळं डालग्याखाली ठेवलंय. भुकेल्या पोटी सकाळीसुद्धा गळ्याखालची पिशवी कडक लागतेय, रात्रभरात रिकामी व्हायला हवी होती. सुतळीचा तुकडा गिळलाय असा संशय आहे. दुपारी डॉक्टरांकडे नेतोय.

परळ नाका
न्याच. आणि एखादी अचानक मेली तर पुरून मोकळे होऊ नका. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 पासूनचं. आम्ही तिथे शवविच्छेदनाला दिली होती. बर्फात ठेवून न्यायची, फ्रीझरमध्ये गोठवायची नाही, आतलं नीट तपासता येत नाही मग. जंतांनी आतडं भरलेलं निघालं. कळपातल्या सगळ्यांना जंताचं औषध दिलं, तुरे परत लाल झाले. हो, आणि औषध चालू असताना अंडी खायची की नाही हे डॉक्टरांना नक्की विचारा. आम्ही ती मुदत संपेपर्यंत एकही अंडं खाल्लं नाही.

दहिसर वेस
पण एकदम बऱ्याच मेल्या तर नेऊ नका कुठे. हात लावू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मी तिथे नोकरीला होतो. लोकांनी मुलांसारख्या वाढवलेल्या कोंबड्या खड्ड्यात गेल्या. 2021 च्या जानेवारीत पुन्हा बातम्या सुरू झाल्या तेव्हा मी आमच्या कोंबड्या जाळीच्या आत घेतल्या, कावळे आणि बगळे दाण्यापाशी येऊ दिले नाहीत. चपलासुद्धा खुराड्याच्या वेगळ्या.

मालवणी मालाड
चपलांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आजच करते. राख चालते का हो पिसवांना?

वर्सोव्याची मावशी
चुलीची कोरडी राख आणि माती एका घमेल्यात ठेव, त्या स्वतःच लोळतात. पिसवा दिवसा फळ्यांच्या फटीत लपतात, त्या फटी आधी साफ कर.

भांडुपचा दादूस
रविवारी लासोटा आणतोय. भांडुप, मुलुंड, नाहूरवाल्यांनी पिल्लांची संख्या आणि वय आजच कळवा.