संस्थेची वेबसाइट गूगलवर सापडतच नाही

प्रश्न: आमच्या संस्थेची नवी साइट मीच सांभाळते. तीन महिने झाले, संस्थेचं पूर्ण नाव टाकलं तरी जुनं फेसबुक पान येतं, साइटचा पत्ताच नाही. मेटा कीवर्ड्समध्ये (पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा शोधशब्दांचा रकाना) चाळीस शब्द कोंबलेत. अजून किती टाकू?

उत्तर १: एकही नको. क्रमवारीसाठी तो रकाना बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. आधी शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट', कोलन आणि लगेच जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता टाकून बघा.

प्रश्नकर्ती: काहीच येत नाही!

उत्तर २: म्हणजे बहुतेक गूगलकडे साइटची नोंदच झालेली नाही, क्रमांक दूरच. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची प्रणाली) असेल तर सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. सर्च इंजिनांना लांब ठेवायची एक टिकमार्क असते. साइट बनवताना करतात आणि मग विसरतात. (मीही विसरलोय, कुणाला सांगू नका.) ती काढून सर्च कन्सोलमध्ये (साइट सांभाळणाऱ्यांसाठी गूगलचं साधन) साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या.

प्रश्नकर्ती: होती हो! काढली. तीन महिने मी नुसते कीवर्ड्स भरत बसले.

उत्तर १: आता प्रत्येक पानाचं शीर्षक बघा. सगळीकडे 'मुख्यपृष्ठ' नाही ना? आणि कार्यक्रमांची माहिती पोस्टरच्या फोटोतच असेल, तर गूगलला नीट वाचता यावी म्हणून ती मजकूर म्हणूनही टाइप करा.

प्रश्नकर्ती: सगळी पोस्टरंच आहेत. बसते टायपायला.