डेन्मार्कचं १९०६ चं चांदीचं नाणं: मोडावं की ठेवावं?

दर्यावर्दीचा_नातू: आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत हे नाणं सापडलं. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंना राजाचाच मुखवटा. छापा कुठला नि काटा कुठला कळेना. सोनार म्हणतो कस कमी आहे, मोडीच्या भावात घेतो. देऊन टाकू का? काळं पडलंय, आधी चिंचेनं घासू?

खुर्दा: चिंच लांब ठेवा! घासलेल्या नाण्याकडे संग्राहक बघतही नाहीत.

हे दोन क्रोनरचं नाणं, क्रोनर म्हणजे डेन्मार्कचं चलन. २९ जानेवारी १९०६ ला नववा क्रिस्टियान वारला आणि मुलगा आठवा फ्रेडरिक गादीवर आला. एका बाजूला गेलेला राजा, दुसऱ्या बाजूला नवा, ही तिकडची जुनी रीत. १८६३ सालीही असं नाणं पाडलं होतं. बिचाऱ्या फ्रेडरिकला गादी मिळाली बासष्टाव्या वर्षी, आणि १९१२ च्या नाण्यावर 'गेलेला राजा' म्हणून त्याचाच नंबर लागला.

वजन १५ ग्रॅम, व्यास ३१ मिमी, चांदी ८० टक्के. म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. आपल्याकडच्या राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या) चांदीच्या रुपयात ती पावणेअकरा ग्रॅमच्या आत भरते. कस कमी हे खरंच, पण वजन जास्त हे सोनार कशाला सांगेल? मोडू नका.

पिंपळपान: तमिळनाडूत तरंगमबाडीला डेन्मार्कची वसाहत होती ना? तिथलं असेल.

खुर्दा: ती १८४५ लाच इंग्रजांना विकली. हे बोटीनंच आलं असणार.

दर्यावर्दीचा_नातू: काट्यावर १४.९ भरलं. भिंगातून पत्त्यांतल्यासारखा इवलासा बदाम दिसतो. वरच्या कडेला मात्र खरखरीत डाग आहे.

खुर्दा: बदाम ही कोपनहेगनच्या टांकसाळीची खूण. वजनही झिजेच्या मानानं ठीक. डागाची जागा बघता कुणीतरी कडी झाळून गळ्यात घातलं असावं. त्यानं किंमत बरीच उतरते, तरी मोडीपेक्षा जास्तच येईल.

पिंपळपान: मग थेट कोपनहेगनच्या लिलावात पाठवा की.

जुनाबाजार: अजिबात नको! शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा. पहिल्याच भावाला हो म्हणू नका, आणि दाखवताना कडेनं धरा.