डेबियनमधून गेम्सची पॅकेजेस काढून टाकावीत का?

टिळकवाडीकर

डेबियन या लिनक्सच्या वितरणातील गेम्सची पॅकेजेस (बसवायला तयार स्वरूपातले प्रोग्रॅम) बंद करावीत आणि ज्याला खेळायचे असेल त्याने फ्लॅटपॅकवरून, म्हणजे कोणत्याही लिनक्सवर चालणाऱ्या स्वतंत्र पॅकेज पद्धतीतून घ्यावे, असे मत आपल्या बेळगावातील लिनक्स वापरणाऱ्या मुलांमध्ये अलीकडे वारंवार ऐकू येते. मला ते मुळीच पटत नाही.

डेबियनमध्ये गेम्स सांभाळणारा स्वयंसेवकांचा वेगळा गट आहे आणि त्यांचे काम बाहेरून फारसे दिसत नाही. एक उदाहरण देतो. जीसीसी १३ हा कंपायलर (कोडापासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) आला तेव्हा त्यातील काही हेडर फाइल्स (कोडात वर जोडायच्या घोषणांच्या फाइल्स) पूर्वीप्रमाणे दुसऱ्या हेडर फाइल्सना आपोआप सोबत आणेनाशा झाल्या, त्यामुळे वर्षानुवर्षे विनातक्रार बिल्ड (बांधून तयार) होणारे सी प्लस प्लसमधील कितीतरी प्रोग्रॅम अडून बसले. दुरुस्ती बहुतेक ठिकाणी एका ओळीची होती. पण ती ओळ नेमक्या फाइलमध्ये घालायची, पॅकेज पुन्हा बिल्ड करायचे, खेळ सुरू करून पाहायचा आणि तो पॅच (दुरुस्तीचा तुकडा) मूळ लेखकाकडे पाठवायचा, यासाठी माणूस लागतो. मूळ लेखकाने प्रकल्पातून लक्ष काढून घेतले असेल, तर तो पॅच पुढे प्रत्येक आवृत्तीत त्या स्वयंसेवकालाच वागवावा लागतो.

परवान्यांचे काम त्याहून किचकट आहे. खेळात कोडाबरोबर चित्रे, आवाज, संगीत आणि फॉन्टही येतात आणि प्रत्येकाचा हक्कदार वेगळा असू शकतो. डेबियनने १९९७ साली स्वीकारलेल्या सामाजिक करारातील निकषांनुसार ‘केवळ अव्यावसायिक वापरासाठी’ अशी अट असलेला एक ध्वनीसुद्धा डेबियनच्या मुख्य विभागात, म्हणजे पूर्णपणे मुक्त पॅकेजांच्या विभागात चालत नाही. ओपनटीटीडी या वाहतुकीच्या खेळाचा कोड मुक्त होता, परंतु तो चालवण्यासाठी जुन्या व्यावसायिक खेळातील चित्रे लागत, म्हणून तो मुख्य विभागाबाहेर राहिला. स्वयंसेवकांनी ओपनजीएफएक्स या नावाने सगळी चित्रे नव्याने काढली, त्यानंतरच तो आत आला. अशी छाननी दुसरे कोण करते? आपल्याकडील इंजिनिअरिंगच्या मुलांनी मेंटेनर (सांभाळणारा) नसलेले एकेक पॅकेज हाती घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

निपाणीकर

दादा, छाननीचे मोल मी नाकारत नाही. तरीही तुम्ही वर्णन केलेले हेच काम फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाचा स्वयंसेवक करतो, आर्च या वितरणाचाही करतो आणि डेबियनचाही करतो. फ्लॅटपॅकमध्ये मूळ लेखकाने एकदा बांधले की ते सगळीकडे चालते.

दुसरे असे की, डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या स्थिर प्रकाशनात, प्रोग्रॅमची आवृत्ती गोठवलेली असते. ओपनटीटीडी चारचौघांनी मिळून खेळायचा तर सर्व्हरची आणि खेळणाऱ्याची आवृत्ती एकच असावी लागते. स्टेबलवाल्याला दोन वर्षे जुनी आवृत्ती मिळते, त्याला सर्व्हर सापडत नाही, आणि मग तो मूळ लेखकाकडे अशा बगची (दोषाची) तक्रार करतो जो तिथे केव्हाच दुरुस्त झालेला असतो. यात कोणाचे भले झाले?

माझा मुख्य आक्षेप मात्र स्वयंसेवकांच्या वेळेबद्दल आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत (फाइल्स लहान करण्यासाठी इतर प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडात) मागील दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, ठेवलेले आढळले. ती लायब्ररी प्रामुख्याने एकच थकलेला माणूस सांभाळत होता, आणि मदतीच्या मिषाने कोणीतरी बराच काळ काम करून त्याचा विश्वास संपादन केला होता. असे पाये उघडे पडलेले असताना नव्या मुलांना गेम्सकडे वळवणे मला योग्य वाटत नाही.

खानापूरच्या बाई

मी खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणून या वादातील शाळेची बाजू मांडते. जंगलाकडील गावांत नेटवर्कचा भरवसा नसतो. बेळगावात एका लॅपटॉपवर पॅकेजेस उतरवून घ्यायची आणि पेनड्राइव्हवरून शाळेतील संगणकांवर टाकायची, हीच आमची रीत आहे. टक्सपेंट हा मुलांचा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस त्यात सहज मावतात. फ्लॅटपॅकचा पहिलाच खेळ घ्यायचा म्हटले की त्याच्याबरोबर काही शे एमबीचा रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणारा सामायिक संच) येतो.

टक्सपेंट मराठीतही चालते आणि कन्नडमध्येही. आमच्या मुलांना दोन्ही भाषा लागतात. चित्रावर आपले नाव लिहिताना ‘ज्ञानेश्वरी’ मधला ज्ञ सुटा पडून ज आणि ञ असा दिसला की मूल लगेच विचारते, “बाई, हे असं का?” डेबियनमध्ये देवनागरी फॉन्टचे पॅकेज वेगळे असते आणि सगळे प्रोग्रॅम तेच वापरू शकतात, म्हणून फॉन्ट एकदा नीट बसवला की प्रत्येक खेळासाठी पुन्हा खटपट करावी लागत नाही. केरळच्या सरकारी शाळांत उबंटू या लिनक्स वितरणावर आधारित प्रणाली वापरतात, आणि उबंटूतील बहुतेक पॅकेजेस मुळात डेबियनमधूनच येतात. एका स्वयंसेवकाचे काम कुठवर पोहोचते ते यावरून लक्षात यावे.

निपाणीकर

बाई, आपला अनुभव मोलाचा आहे. मात्र फ्लॅटपॅकमध्येही ॲप आणि रनटाइम पेनड्राइव्हवर उतरवून नेण्याची सोय आहे आणि टक्सपेंट फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या ऑनलाइन भांडारात उपलब्ध आहे. शिवाय शाळांना देणगीत मिळणारे संगणक पुष्कळदा ३२ बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरचे असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही, त्यामुळे पॅकेज कितीही निगुतीने सांभाळले तरी ते त्या यंत्रांपर्यंत पोहोचणार नाही. शैक्षणिक खेळ ठेवावेत आणि बाकीचे सोडून द्यावेत, इथपर्यंत मी येऊ शकतो.

शहापूरकर

शैक्षणिक कोणते हे ठरवणार कोण? ज्याचा गंभीर बग कोणी दुरुस्त करत नाही असे पॅकेज टेस्टिंगमधून (डेबियनच्या पुढील प्रकाशनाच्या तयारीच्या संचातून) आपोआप वगळले जाते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्ती २ वरून पुढे नेणारे कोणी मिळाले नाही म्हणून काही खेळ असेच गेले. म्हणजे चाळण आधीच लागलेली आहे, वेगळी बंदी कशाला हवी?

आणि निपाणीकर, स्वयंसेवक म्हणजे एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर बसवता येणारा कारकून नव्हे. ज्याला खेळांची आवड आहे तो खेळ काढून टाकल्यावर कॉम्प्रेशनची लायब्ररी सांभाळायला जाणार नाही, तो निघून जाईल. उलट परवाने, बिल्ड, बगचा पाठपुरावा हे सारे खेळाच्या पॅकेजवर शिकलेला मुलगा उद्या लायब्ररीचे काम अंगावर घेण्याइतका तयार झालेला असतो. पाये उघडे पडले आहेत हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण तिथे पोहोचण्याची वाट मला इथूनच दिसते.

टिळकवाडीकर

ऑनलाइन खेळांबाबत निपाणीकरांचे म्हणणे मान्य करतो. ज्यांची आवृत्ती सर्व्हरशी जुळवावी लागते असे खेळ फ्लॅटपॅकवरून घेणेच सोयीचे, किंवा मेंटेनरने बॅकपोर्ट्समध्ये (स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या विभागात) नवी आवृत्ती नियमित देत राहावे. परंतु एकट्याने ऑफलाइन खेळायचे आणि मूळ लेखकाने सोडून दिलेले जे असंख्य खेळ आहेत, त्यांच्यासाठी फ्लॅटपॅक बांधायला मूळ लेखकच उरलेला नाही. त्यांचा वाली वितरणातील स्वयंसेवकच आहे.

ज्या विद्यार्थ्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी थेट पॅकेज अंगावर घेऊ नये. आधी एखाद्या खेळाचा उघडा बग घ्यावा, तो आपल्या यंत्रावर घडवून पाहावा आणि काय दिसले ते बगच्या नोंदीत लिहावे. मराठी किंवा कन्नड अक्षरे तुटत असतील तर तेही तिथेच नोंदवावे, कारण तपासणाऱ्या मेंटेनरला या लिपी वाचता येतीलच असे नाही.

निपाणीकर

माझे मूळ मत कायम आहे. मात्र फ्लॅटपॅकचे टक्सपेंट नेटवर्कविना पेनड्राइव्हवरून बसवल्यावर जोडाक्षरे नीट दिसतात का, हे मी स्वतः तपासून इथे लिहितो. बाई, आपल्या शाळेतील संगणक ३२ बिटचे की ६४ बिटचे आणि त्यांत रॅम किती, एवढे कळवावे.