सत्तरच्या शेवेलला फायबरचं बॉनेट आणि फेंडर बसवावेत का?

मिशिगनकर
सहा वर्षं गॅरेजात 1970 ची शेव्हरले शेवेल एसएस 396 नव्याने उभी करतोय. इंजिन झालं, गिअरबॉक्स झाला, आता पुढचा पत्रा. बॉनेट ठणठणीत आहे, पण दोन्ही फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांचे, खालचे कोपरे इथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लेत. ओळखीचे दोघे म्हणतात, पुढचं सगळंच फायबरग्लासचं घे, गाडी हलकी होईल.

मला हे पटत नाही. गाडी 1,700 किलोच्या आसपास. बॉनेट आणि फेंडर मिळून वाचणार तीस-पस्तीस किलो. ड्रॅगवाल्यांचा, म्हणजे पाव मैलाची सरळ शर्यत लावणाऱ्यांचा, जुना अंदाज आहे की 100 पौंड, म्हणजे 45 किलो उतरले की पाव मैलाला सेकंदाचा दहावा भाग वाचतो. माझ्या वाट्याला तेवढाही येत नाही. तेवढ्यासाठी कारखान्यातून गाडीबरोबर आलेलं बॉनेट काढून ठेवायचं? गाडी मी रविवारी चालवणार, शर्यतीत नाही.

पावमैल
साफ असहमत. मसल कार (शेवेलसारख्या मोठ्या इंजिनच्या ताकदवान गाड्या) म्हणजे पोलादी पत्राच, ही समजूत चुकीची आहे. शेव्हरलेच्याच 1963 च्या झेड-11 इम्पालाचा पुढचा पत्रा ॲल्युमिनियमचा होता, अशा 57 गाड्या निघाल्या. त्याच वर्षी पॉन्टिॲकने काही कॅटलिनांच्या चासीला भोकं पाडून वजन उतरवलं, लोक अजून त्यांना ‘स्विस चीज’ म्हणतात. 1964 ला फोर्डने फायबरचं बॉनेट-फेंडर लावून 100 थंडरबोल्ट बनवल्या. डॉजच्या 1968 च्या हेमी डार्टला फायबर तर होतंच, वर दारांचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेला. हलका पत्रा हा याच गाड्यांचा वारसा आहे.

आणि नुसती बेरीज करू नका, वजन कुठून उतरतं ते बघा. बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या जड इंजिनच्या, गाडीचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं. थेट नाकावरचे पस्तीस किलो गेले की वळणावर स्टिअरिंग हाताला वेगळं लागतं.

मिशिगनकर
थंडरबोल्ट आणि हेमी डार्ट ड्रॅग स्ट्रिपसाठीच बनवल्या होत्या. ही गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेली नाही, असं हेमी डार्टवर खुद्द कंपनीनेच चिकटवलं होतं. माझ्या गाडीवर तसं काही लिहिलेलं नाही.

अर्चना_के
माझ्या बाबांचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. आता मी ओहायोत आहे, सुट्टीत हेच काम करते. दोनदा फायबरचे फेंडर बसवलेत, म्हणून सांगते.

खोक्यातून निघालेला फेंडर नीट बसत नाही. दाराशी फट वर बोटभर, खाली काहीच नाही. मग घासा, लांबी (पुट्टी) भरा, पुन्हा घासा. एका फेंडरवर माझे तीन शनिवार-रविवार गेले. रंगाआधी तो काही दिवस उन्हात ठेवून पक्का होऊ द्यावा लागतो, नाहीतर नंतर रंगाखालून लहरी दिसतात. बॉनेटचं वेगळंच. मूळ बिजागरीच्या स्प्रिंगा पोलादी बॉनेट उचलायला बनवलेल्या असतात, त्या फायबरला वाकवतात, कधी तडा जातो. एक तर हलक्या स्प्रिंगा घ्या, नाहीतर बिजागरी काढून चारी कोपऱ्यांना पिना लावा आणि दर वेळी बॉनेट दोघांनी उचलून बाजूला ठेवा. पार्किंगमध्ये कुणी हलकं ठोकलं तर पोलादाला पोचा येतो, तो ठोकून निघतो. फायबर तडकतं.

सदानंद
वजनच उतरवायचं असेल तर आधी इंजिनचे हेड आणि इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) ॲल्युमिनियमचे घ्या, बॅटरी डिकीत न्या. तेही वजन पुढूनच जातं, आणि बाहेरून गाडी तशीच दिसते. पत्र्याचा विचार सगळ्यात शेवटी.

पावमैल
अर्चनाताई, फिटिंगचं मान्य. स्वस्तातला माल घेतला की हे होतंच. पण यांचे फेंडर तसेही गेलेत, नवे घ्यावेच लागणार. फायबरला गंज नाही, मिशिगनसारख्या ठिकाणी हे फार मोठं आहे. सदानंद, ॲल्युमिनियमच्या हेडचा खर्चही सांगा की. त्यापुढे बॉनेट कितीतरी स्वस्त पडतं.

अर्चना_के
गंज मिठाच्या दिवसांत गाडी बाहेर काढली तर. अशी गाडी हिवाळ्यात कोण काढतं? शेवेलचे नवे पोलादी फेंडर बाजारात मिळतात. आतून नीट प्राइमर मारा, मागच्या कोपऱ्यात माती साचू देऊ नका, पुष्कळ वर्षं काही होणार नाही.

मिशिगनकर
ठरलं माझं. फेंडर नवे पोलादीच घेतो, इनटेक ॲल्युमिनियमचा, बॅटरी डिकीत. पावमैल, नाकावरच्या वजनाचा मुद्दा मी खरंच धरला नव्हता, त्यासाठी आभार. पण बॉनेट आहे तेच राहील.

पावमैल
फेंडरचं सोडतो. बॉनेटचं नाही. ते नुसतं बोल्टवर आहे, अर्ध्या तासात बदलतं. मूळचं चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि एक उन्हाळा फायबर लावून बघा. आधी समोरची उंची टेपने मोजून ठेवा. वजन उतरलं की नाक थोडं वर येतं, मग पुढच्या स्प्रिंगांचाही विचार करावा लागेल.