मदत हवी: एचपीएलसीत १८ टक्के अनोळखी हिमोग्लोबिन, कोणता जीन तपासायचा?

नमस्कार. बायकोला दहावा आठवडा चालू आहे. मला बीटा थॅलेसेमिया मायनर आहे (त्यात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार ए२, माझा ५.२ टक्के), म्हणून तिचीही एचपीएलसी (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) करून घेतली. तिचा ए२ फक्त २.० टक्के आला. हुश्श केलं, तोच आलेखाकडे लक्ष गेलं. ए म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या मोठ्या डोंगरानंतर ४.७ मिनिटांपाशी एक सुळका, १८ टक्के. मशीनने तो एस (सिकल हिमोग्लोबिन) दिसण्याच्या ठरलेल्या वेळेच्या, म्हणजे खिडकीच्या, अगदी कडेला दाखवलाय.

तिचा सिकल आणि माझा बीटा एकाच बाळाच्या वाट्याला आले तर आजार गंभीर असू शकतो, हे कळल्यापासून दोघांची झोप उडाली आहे. सिकल ओळखणारी सॉल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. ८.६ पीएचच्या इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिन वेगळी करणारी चाचणी) पट्टा एस च्याच जागी, पण आम्लधर्मी जेलवर तो ए बरोबर गेला. एस नाही एवढं समजलं. शेरा आहे, 'एचबी डी ची शक्यता, जीन तपासणी करावी' (डी हा बीटा जीनमधल्या बदलाने होणारा हिमोग्लोबिनचा प्रकार). तिचं हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८६, फेरिटिन (लोहाचा साठा) चांगलं, रक्त कधीच चढवलेलं नाही.

लॅबवाले बीटा जीन वाचायचा म्हणतात. पण डी असता तर चाळीसच्या आसपास टक्के नको होते का? नमुना उद्या द्यायचा आहे, कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:
शंका अगदी रास्त आहे. मी हेच रिपोर्ट रोज वाचते. हिमोग्लोबिन ए अल्फा आणि बीटा साखळ्यांचं बनतं. बीटाचे जीन दोन, त्यातला एक बदललेला असला की साधारण ३५ ते ४५ टक्के दिसतं. अल्फाचे चार, त्यामुळे एकच बिघडला तर पाव हिस्सा किंवा त्याहून कमी. शिवाय डी बहुधा ४.१ मिनिटांच्या आसपास येतो. मला हा अल्फाचा प्रकार वाटतो, एचबी क्यू-इंडिया असाच दिसतो. ए२ मध्येही अल्फा साखळी असते, म्हणून तोही दुभंगतो आणि आकडा खाली येतो. आलेखाच्या उजव्या टोकाला बारीकसा उंचवटा आहे का, नीट पाहा.

अल्फाचे दोन्ही जीन वाचायला सांगा. ते जवळजवळ सारखेच असतात, म्हणून प्रत्येकाचे वेगळे प्रायमर (नेमका तोच जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) लागतात. बीटाही सोबत वाचून घ्या, कारण तुमच्या बाजूने बीटा आहे आणि तिथे अंदाजावर थांबू नये. अल्फा १६ व्या गुणसूत्रावर, बीटा ११ व्या. बाळाला दोन्ही मिळाले तरी सिकल-बीटासारखा आजार त्यातून होत नाही. तुमचा स्वतःचा बीटा दोष नेमका कोणता, तेही आताच ओळखून ठेवा. आणि कागद घेऊन जेनेटिक समुपदेशकाला भेटाच.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. आलेख खिडकीपाशी नेऊन पाहिला. अगदी शेवटी रेघ किंचित वर उचललेली आहे, मशीनने तिला नावच दिलेलं नाही. बायकोनेही बोट ठेवून दाखवली. उद्या दोघांचेही नमुने देतोय, अल्फा आणि बीटा दोन्हीसाठी. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.